विषय: आईच्या पित्ताशयातले खडे – ऑपरेशन आत्ता की डिसेंबरात?

एडिसनहून (न्यू जर्सी, अमेरिका), शुक्रवार रात्री

नमस्कार मंडळी,

आई (वय 67) नागपूरला प्रतापनगरात एकटीच असते. जून-जुलैत तिला तीनदा रात्री पोटात जोरात दुखलं. दोनदा ‘पित्त झालं असंल’ म्हणून तिनं गोळी घेतली आणि आमसुलाचं सार पिऊन झोपली. तिसऱ्यांदा शेजारच्या काकू तिला धंतोलीत घेऊन गेल्या आणि सोनोग्राफी झाली. पित्ताशयात बरेच खडे आहेत, सगळ्यात मोठा 9 मिलिमीटरचा. पिशवीची भिंत जाड झालेली नाही, पित्तनलिका नॉर्मल आहे.

सर्जन म्हणतात पिशवी काढून टाका. मामा म्हणतो, 9 मिलिमीटर म्हणजे केवढासा, कुळथाचं कढण दे, पडून जाईल. आई म्हणते, “आता तर काहीच नाही दुखून राहिलं, काहून कापाकापी?” मला डिसेंबरच्या मध्यापर्यंत सुट्टी नाही. तोवर थांबलं तर चालेल का? की तिला इकडे आणून करावं? कुणाच्या घरी असं झालं असेल तर कृपया लिहा.

– मूळचा महालचा, आता एडिसन

डॅलसहून, शनिवार सकाळी

भाऊ,

तुझ्या मेलमधला डिसेंबर वाचला आणि लगेच लिहायला बसले.

आमचे बाबा धरमपेठेत. त्यांचंही ‘पित्त’च होतं. आपण आंबट ढेकर, छातीतली जळजळ यालाही पित्त म्हणतो आणि यकृतात तयार होणाऱ्या त्या हिरव्या-पिवळ्या रसालाही पित्तच म्हणतो. या एका शब्दापायी आमचं वर्ष गेलं. रविवारी वडाभात व्हायचा. त्यावर मोहरी-हिंगाचं गरम तेल ओतल्याशिवाय बाबांना तो वडाभात वाटायचाच नाही. मध्यरात्री आईला जाग यायची तेव्हा बाबा पलंगाच्या काठावर बसलेले असायचे, उजव्या बरगडीखाली मूठ दाबून. बसवत नाही, झोपवत नाही, मग अंगणात फेऱ्या. कळ मागे उजव्या खांद्याच्या पात्याखाली जायची. तीन-साडेतीनला आपोआप थांबायची आणि श्रेय जायचं गोळीला.

नंतर कळलं ते असं. तेलकट-तुपकट खाल्लं की पित्त बाहेर ढकलायला पिशवी आवळते. खडा तिच्या तोंडाशी अडकला की कळ येते, अर्धा तास ते चार-पाच तास राहते. खडा मागे सरकला की सगळं शांत. म्हणजे “आता काहीच नाही दुखून राहिलं” याचा अर्थ खडा गेला असा होत नाही.

सर्जननी सप्टेंबरमध्ये करून घ्या म्हटलं होतं. मीच म्हटलं, डिसेंबरला येते, मी असताना करू. 20 डिसेंबरचं तिकीट काढून ठेवलं. ऑक्टोबरमध्ये आईचा फोन आला की बाबांचे डोळे पिवळे दिसताहेत आणि लघवी कोऱ्या चहासारखी होते आहे. एक बारीक खडा पिशवीतून निसटून नलिकेत अडकला होता आणि स्वादुपिंडाला सूज आली होती. आठ दिवस आयसीयू. तोंडातून दुर्बीण घालून, म्हणजे ईआरसीपी करून, आधी नलिकेतला खडा काढला. पिशवीचं ऑपरेशन नंतर, अंगात ताकद आल्यावर. मी दिल्लीमार्गे पोचले तेव्हा तिसरा दिवस होता आणि बाबा मला ओळखत होते, पण बोलत नव्हते. ते वाचले.

तारीख मी माझ्या सुट्टीवरून ठरवली होती, बाबांच्या पोटावरून नाही. तेव्हा मला कुणी थांबवलं नाही, म्हणून मी तुला थांबवते आहे. तू जवळ असायला हवास हे खरंच आहे. पण तू नसताना वेळेवर ऑपरेशन झालं तर ते तू असताना उशिरा होण्यापेक्षा चांगलं.

इकडे आणायचा विचार सोड. पाहुण्यांच्या इन्शुरन्समध्ये आधीपासून असलेला आजार बहुतेक वेळा बसत नाही. आईची तिकडची पॉलिसी असेल तर ती किती जुनी आहे ते बघ, खड्यांच्या ऑपरेशनला बऱ्याच पॉलिसींत दोन वर्षांची अट असते.

– ताई

शिकागोहून, शनिवार दुपारी

चि. भाऊ आणि ताई,

मी नागपूरच्या मेडिकलला शिकलो, पुढे तीस वर्षं सर्जरी केली, आता निवृत्त आहे. आईंना तपासलेलं नाही, त्यामुळे शेवटचा शब्द तिथल्या डॉक्टरांचा.

ताईंचं वाचून या लिस्टवरच्या ज्यांचे खडे गप्प आहेत त्यांनी घाबरून ऑपरेशन करून घेऊ नये. दुसऱ्याच कारणासाठी सोनोग्राफी केली आणि खडे दिसले, कधी दुखलेलं नाही, अशा लोकांपैकी बहुतेकांना जन्मभर काही होत नाही. माझ्या थोरल्या वहिनींचा 12 मिलिमीटरचा खडा 2009 पासून तसाच आहे आणि आम्ही त्याला हात लावलेला नाही. अपवाद आहेत: 3 सेंटिमीटरहून मोठा खडा, पिशवीच्या भिंतीत कॅल्शियम साचणं, 10 मिलिमीटर किंवा त्याहून मोठा पॉलिप, म्हणजे पिशवीच्या आतल्या भिंतीवर वाढलेला कोंब. आपल्या विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आहे. त्यात तांबड्या पेशी लवकर फुटतात आणि लहान वयातच खडे होतात, त्या रुग्णांचा विचार वेगळा करावा लागतो.

आईंचं तसं नाही. दोन महिन्यांत तीन वेळा ठरावीक कळ आली आहे, म्हणजे खडे बोलायला लागले आहेत, आणि एकदा बोलायला लागले की सहसा परत बोलतात. मिलिमीटर मोजत बसू नका. मोठा खडा पिशवीतच बसून राहील, निसटायची भीती बारक्यांची जास्त.

कुळथाबद्दल मामांना समजवा. मूतखडा लघवीच्या वाटेनं पडतो, म्हणून घरोघरी कढण चालतं. पित्ताचा खडा त्या वाटेवर नाहीच, आणि ‘पडला’ तर तो ताईंच्या बाबांच्या नलिकेत पडला तसाच पडणार. ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस पिऊन खडे पाडायचे व्हिडिओ फिरतात. त्यात शौचातून पडतात त्या हिरव्या गोळ्या म्हणजे आतड्यात तेलाचा झालेला साबण. खडे विरघळवायची गोळी खरी आहे, पण कोलेस्टेरॉलच्या लहान खड्यांनाच आणि सहा महिने ते दोन वर्षं घेतली तर. बंद केल्यावर पुष्कळांना खडे परत होतात.

आईंना भीती ‘कापाकापी’ची असेल तर सांगा, आता चार लहान छिद्रं पाडून दुर्बिणीनं करतात. जर्मनीत 1985 साली हे पहिल्यांदा झालं आणि आपल्याकडे डॉ. तेहमतन उडवाडियांनी मुंबईत 1990 मध्ये. बहुतेक रुग्ण दुसऱ्या दिवशी घरी जातात. धोका अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. पित्तनलिकेला इजा होणं हा सगळ्यात वाईट धोका, हजारात तीन-चार जणांना होतो. आत सूज किंवा चिकटलेलं सापडलं तर पोट उघडावं लागू शकतं आणि असा निर्णय घेणारा सर्जन शहाणा समजावा. आधी लिव्हरच्या तपासण्या, साखर आणि ईसीजी करा. या वयात वरच्या पोटात दुखलं तर हृदयही बघून घ्यावं.

पिशवी गेली म्हणून पित्त थांबत नाही, ते यकृतात तयार होतं आणि थेट आतड्यात उतरतं. थोडे आठवडे जुलाबासारखं होऊ शकतं.

आणि शेजारच्या काकूंना हे आजच सांगा: कळ पाच-सहा तासांत थांबली नाही, थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे झाले किंवा उलट्या थांबेनात, तर सकाळची वाट न बघता दवाखान्यात न्यायचं.

– काका

एडिसनहून, पाच आठवड्यांनी

ताई, काका,

गुरुवारी ऑपरेशन झालं. लिव्हरच्या तपासण्या नॉर्मल आल्या होत्या, पॉलिसी सहा वर्षं जुनी निघाली. मामा दोन रात्री आईजवळ होता. आदल्या दिवशी तासभर फोनवर त्याला कढणाचं सांगितलं, तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “तू नको येऊ आत्ता, मी आहे न.”

सर्जननी बाटलीत खडे दिले. मामानं व्हिडिओवर बाटली हलवून दाखवली. मोठा एकच, बाकी तुरीच्या डाळीएवढे पिवळट-तपकिरी, किमान वीस. पिशवीला आतून सूज यायला लागली होती म्हणे.

आई शनिवारी घरी आली. खांद्यात दुखतं म्हणत होती. डॉक्टर म्हणाले ऑपरेशनवेळी पोटात भरलेल्या गॅसमुळे, दोन दिवसांत जाईल. आज काकूंनी मऊ खिचडी दिली, तूप न घालता, आणि तिनं तूप मागितलं. पिशवीचा बायोप्सी रिपोर्ट यायचा आहे. आला की इथंच कळवतो.