'ग्रीनवे'ला मराठीत काय म्हणाल?

शब्दवेडी: नगररचनेवरचा एक लेख मराठीत आणतेय. बंद पडलेल्या कारखान्यांच्या वस्तीतून, मालगाडीच्या जुन्या मार्गावर झाडी लावून काढलेली पायी चालायची वाट, तिला तिकडे 'ग्रीनवे' म्हणतात. मुख्य उदाहरण न्यूयॉर्कच्या हाय लाइनचं. 'हरितपट्टा' लिहिलं, पण मन मानत नाही.

जुनाजाणता: हरितपट्टा नकोच. आपल्याकडे त्याचा अर्थ 'इथे बांधकाम करू नये' एवढाच. तो नकाशावर असतो, त्यावरून कुणी चालत नाही. आणि 'हरितमार्ग' म्हटलं की मला टोलनाकाच दिसतो.

कोकण्या: पाणंद! दोन्ही बाजूंना गडगे नाहीतर कुंपण, मधून माणूस आणि गुरं जातील एवढी वाट. समोरून म्हशी आल्या की गडग्याला पाठ लावून उभं राहायचं. घट्ट हिरवी, अरुंद, आणि कुणा एकाची नाही.

शब्दवेडी: शब्द फार आवडला. पण हाय लाइन जमिनीपासून नऊएक मीटर उंच आहे हो. १९३४ पासून मालगाड्या तिथून थेट कारखान्यांच्या वरच्या मजल्यांत शिरायच्या. १९८० मध्ये गाडी थांबली, रुळांत गवत आपसूक रुजलं, आणि २००९ मध्ये पहिला टप्पा खुला झाला तेव्हा लागवडही त्या रानगवताच्या धर्तीवरच केली. उंचावरच्या वाटेला पाणंद?

कोकण्या: उंचीचं काय घेऊन बसलात ताई, झाडीतून जाते ना?

जुनाजाणता: एक गंमत बघा. 'हाय लाइन' या नावात हिरवं काहीच नाही, रेल्वेच आहे. अटलांटाच्या 'बेल्टलाइन'चंही तेच. पॅरिसमध्ये बास्तीय स्थानकाची लाइन १९६९ मध्ये बंद झाली, १९९३ मध्ये तिच्यावर बाग-वाट झाली. तिला फ्रेंच लोक 'कूले वेर्त' म्हणतात, म्हणजे हिरवा ओघ. आपल्या मुंबईत उलटच, कॉटन ग्रीनमध्ये 'ग्रीन' आहे, पण ते मूळचं कापसाच्या गाठी रचायच्या मैदानाचं.

परळकर: वाटेचं ठरेल हो. त्या लेखात 'रीजनरेशन'ला काय लिहिलंय? 'पुनर्विकास' असेल तर आत्ताच खोडा. गिरणगावात त्याचा अर्थ टॉवर. १९९१ च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी होता, २००१ मध्ये तो हिशोब फक्त रिकाम्या जमिनीपुरता उरला. हाय लाइनभोवतीही महागडे टॉवर उठलेच म्हणा, पण वाट तरी सगळ्यांची राहिली.

शब्दवेडी: 'पुनर्विकास'च होतं. खोडलं. 'पुनरुज्जीवन' करते. आणि पहिल्या उल्लेखाला 'हिरवी पाणंद', पुढे नुसती 'पाणंद'.

वऱ्हाडी: आमच्याकडे पांदण म्हणतात. तुम्ही प्रमाण कोणतं धरणार?