९६ ला स्टेअरिंग थरथरतं, मशीन म्हणतं शून्य

बुरेट (रविवार, रात्री ९.४०)

मंडळी, जरा लांबलचक लिहितेय. "गाडी हलते, काय करू" एवढंच विचारलं की "गॅरेजला दाखवा" एवढंच उत्तर येतं, आणि गॅरेजला दाखवून माझं तीनदा झालंय.

गाडी २०१६ ची पेट्रोल हॅचबॅक. मोशीच्या एका गृहस्थांकडून मार्चमध्ये घेतली, तेव्हा ६२,००० किमी झाले होते. कंपनी मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर सगळी चर्चा "मुळात ती घेतलीच कशाला" इथे जाईल. आधीच्या मालकाने बाहेरून मॅकव्हील (अलॉय चाकं) घातलेत, १५ इंची, टायर १८५/६५. गाडी पसंत पडण्यात त्या मॅकव्हीलचा वाटा मोठा होता, हे कबूल करून टाकते.

राहते चिंचवडला, नोकरी तळोजा एमआयडीसीत, प्रयोगशाळेत. सोमवारी पहाटे घाट उतरायचा, शुक्रवारी संध्याकाळी चढायचा. शहरात गाडी लोण्यासारखी. किवळ्याला एक्सप्रेसवेवर चढलं की ८८ पर्यंत काही नाही. ९० ला बोटांना मुंग्या आल्यासारखं होतं, ९६ ला थरथर मनगटापर्यंत येते. १०० ला जरा कमी वाटते. त्यापुढचं रीडिंग नाही, कारण मर्यादा १०० ची आहे आणि कॅमेऱ्यांना माझा नंबर पाठ करून द्यायची इच्छा नाही.

आतापर्यंत केलेलं असं. आधी घराजवळ अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) आणि बॅलन्सिंग (रिमला छोटी वजनं लावून चाकाचा तोल साधणं), १,१५० रुपये. थरथर निम्म्यावर आली. तीन आठवड्यांनी दुसऱ्या दुकानात पुन्हा बॅलन्सिंग. मशीनवर चारही चाकं शून्य-शून्य, मी बाजूला उभी राहून पाहिली. उर्से टोलनाका येईपर्यंत कळलं की आधीपेक्षा वाईट आहे. मग तिसऱ्याने पुढची चाकं मागे टाकली. आता स्टेअरिंग बरंच शांत झालं, पण सीटखाली थरथर सुरू झाली. तो म्हणाला, "मॅडम, टायर गेले. दोन नवे घाला."

टायरवर शेवटचे आकडे ३१२२ आहेत, म्हणजे २०२२ चा ३१ वा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक आहे, फुगवटा किंवा चीर कुठे नाही. दोन टायर म्हणजे नऊ-दहा हजार. घालू का?

घाटमाथा (रविवार, रात्री १०.१५)

अलाइनमेंट नीट झालेलं नसणार. थ्री-डी मशीनवाल्याकडे जा. आणि एक्सप्रेसवेचा काँक्रीटचा रस्ता असाच आहे हो, सगळ्यांच्या गाड्या हलतात. मी गाणी मोठ्याने लावतो.

चारनट (रविवार, रात्री ११.०५)

घाटमाथा, राग मानू नका, पण अलाइनमेंट बिघडलं तर गाडी एका बाजूला ओढते आणि टायर तिरपे झिजतात. ठरावीक वेगाला स्टेअरिंग थरथरवणं हे त्याचं काम नाही. गिऱ्हाइकाला दोन्ही एकत्र विकून विकून आम्हीच लोकांच्या डोक्यात ते एक करून टाकलंय. आम्हीच म्हणजे, माझं मिरजेत १९ वर्षं अलाइनमेंटचं दुकान आहे.

ताई, टायर इतक्यात घेऊ नका. उद्या खाली जाताना एवढं बघून सांगा:

थरथर जोरात असताना क्लच दाबा. इंजिन बंद करायचं नाही, फक्त क्लच. थरथर तशीच राहिली तर दोष इंजिनाचा किंवा त्याच्या फाउंडेशनचा (ज्यांवर इंजिन बसवलेलं असतं त्यांचा) नाही.

त्याच वेगाला एकदा पाचव्यात, एकदा चौथ्यात. गिअरने फरक पडतो का?

ॲक्सिलरेटर दाबताना वाढते आणि सोडला की जाते, असं आहे का? तसं असेल तर ड्राइव्ह शाफ्टच्या (चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या) आतल्या जॉइंटकडे बघायचं.

हलका ब्रेक लावल्यावर पेडल पायाखाली धडधडतं का? फक्त ब्रेक लावतानाच हलत असेल तर ब्रेकची डिस्क.

मागेपुढे कोणी नसताना, सरळ रस्त्याला. घाटात प्रयोग नकोत.

जुनीडिझेल (सोमवार, सकाळी ७.३०)

टायरमध्ये पंक्चरचं जेल भरलंय का ते आधी विचारा मोशीवाल्याला. माझ्याकडे तीच भानगड होती. गाडी रात्रभर उभी राहिली की जेल खाली साचायचं, सकाळचे पहिले काही किलोमीटर बैलगाडी. दुकानात जाईपर्यंत ते पसरलेलं असायचं, त्यामुळे मशीनवर कधी सापडलंच नाही.

बुरेट (सोमवार, रात्री ८.२०)

मोशीवाल्या काकांना फोन केला. जेल कधीच नाही. शिवाय माझी थरथर पहाटे आणि संध्याकाळी सारखीच आहे.

चारनटदादा, खालापूर ते पनवेलच्या सपाटीला सगळं पाहिलं. क्लच दाबला, तशीच राहिली. चौथा-पाचवा, फरक शून्य. ॲक्सिलरेटरचा संबंध नाही. ब्रेकचं पेडल शांत. गुणगुण किंवा घरघर असा आवाजही नाही, हे मी आपलं बेअरिंगसाठी ऐकून ठेवलं.

म्हणजे चाकच. मग टायर घेऊ?

चारनट (सोमवार, रात्री १०.३०)

चाकच. पण टायरच असं कुठे म्हटलं मी?

तुमचीच पहिली पोस्ट परत वाचा. पहिल्या बॅलन्सिंगनंतर निम्मी, दुसऱ्यानंतर जास्त, आणि तेव्हा तर मशीनवर शून्य होतं. टायर खराब असता किंवा रिम वाकलेली असती तर थरथर दर वेळी साधारण सारखी आली असती. तुमची दर वेळी बदलतेय. दर वेळी काय होतं? चाक निघतं आणि परत बसतं. दोष बसण्यात आहे, असा माझा संशय.

मशीनवर चाक सुळावर (दांड्यावर) कोनने, म्हणजे शंकूसारख्या तुकड्याने, आवळतात. ते मधल्या भोकात स्वतःला मधोमध ओढून घेतं. गाडीवर तो कोन नसतो, हब असतो, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो मधला गोल भाग. कंपनीच्या रिमचं भोक हबवर घट्ट बसतं. बाहेरच्या मॅकव्हीलचं भोक मुद्दाम मोठं ठेवतात, म्हणजे एकच रिम दहा गाड्यांना विकता येते. मधली फट भरायला प्लास्टिकची रिंग देतात. ती हरवली किंवा ब्रेकच्या उष्णतेने वितळली, की चाक फक्त नटांच्या भरवशावर. पोरगा घाईत, गाडी खाली टेकलेली, गन (नट आवळायचं मशीन) लावून एक नट पूर्ण आवळला, मग शेजारचा. चाक जिथे होतं तिथेच जखडलं.

खात्री घरी करता येईल. सपाट जागा, हँडब्रेक, मागच्या चाकांना विटा, गिअर न्यूट्रल. पुढचं एक चाक जॅकवर, आणि स्टेपनी गाडीखाली सरकवून ठेवा; जॅकवर विश्वास ठेवलेली माणसं मी पाहिली आहेत. टायरच्या नक्षीसमोर काहीतरी पक्कं ठेवून त्यावर पेन्सिल टेकवा, चाक हाताने फिरवा, फट कुठे सर्वात कमी होते तिथे टायरवर खडूने खूण करा. मग चाक काढा, परत बसवा, पुन्हा बघा. उंचवटा वॉल्व्हपासून त्याच जागी राहिला तर टायर किंवा रिम. जागा बदलली तर बसणं.

बुरेट (मंगळवार, सकाळी ६.५०)

दादा, लाज वाटतेय. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मी नव्या मुलांना रोज ओरडून सांगते. आणि चाकं पुढची मागे केली तेव्हा मी जागाही बदलली आणि बसवणंही, वर त्यातून टायर दोषी असा निष्कर्ष काढून मोकळी झाले.

घाटमाथा (मंगळवार, सकाळी ९.००)

मी पार्किंगमध्ये जाऊन माझ्या गाडीच्या चाकाचं टोपण काढून बघून आलो. रिंग आहे का नाही ते कळलं नाही, पण एक नट नाहीये.

चारनट (मंगळवार, सकाळी ९.१०)

घाटमाथा, गाणी बंद करा आणि आधी तो नट घाला!

बुरेट (रविवार, दुपारी १.३०)

सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार तास. वॉचमनकाकांनी दोनदा विचारलं, मेकॅनिक बोलावू का.

पुढचं डावं चाक: रिंगच नाही. पुढचं उजवं: रिंग आहे, पण चिरून उघडलेली. मागच्या दोन्ही हबला चिकटून बसलेल्या, एक अर्धवट वितळून पापडासारखी. हबचा व्यास व्हर्नियरवर ५४.१ मिमी, रिमचं भोक ६७.१. म्हणजे पुढचं डावं चाक साडेसहा मिलिमीटरच्या पोकळीत सगळीकडून अधांतरी होतं.

खडूचा प्रयोग त्याच चाकावर तीनदा केला. वॉल्व्ह १२ वाजता धरला तर उंचवटा आधी ४ ला, परत बसवल्यावर साडेनऊला, तिसऱ्यांदा ७ ला. फटीतला फरक सर्वात वाईट वेळी १.४ मिमी. मागच्या डाव्या चाकाचं वेगळंच: उंचवटा फक्त ०.५ मिमीचा, पण तिन्ही वेळा २ वाजताच. तो बहुधा रिमचाच, कुठल्यातरी खड्ड्याची आठवण.

नंतर हिशेब मांडला, राहवेना. चाक बाथरूमच्या वजनकाट्यावर १५.८ किलो. १.४ चा फरक म्हणजे केंद्र ०.७ मिमी सरकलेलं. रिमच्या काठावर हे ५८ ग्रॅम चुकीच्या जागी चिकटवल्यासारखं झालं. दुकानदार पाच-पाच ग्रॅमचे तुकडे लावून जे शून्य आणत होता, ते नट आवळताना निघून जात होतं. आणि ९६ च्या वेगाला हे चाक सेकंदाला साडेतेराच्या आसपास फेरे घेतं. दर फेऱ्याला साधारण आठ किलोचा हिसका. वेग निम्मा केला की हिसका पावपट. शहरात गाडी लोण्यासारखी का होती, ते आत्ता कळलं.

आज रिंगशिवायच, पण नीट बसवलं: चाक अधांतरी असताना नट हाताने, समोरासमोरचे, थोडे थोडे, मध्ये चाक हलवत. शेवटचं आवळणं गाडी खाली घेऊन, पुस्तकातल्या आकड्याला, शेजाऱ्यांच्या टॉर्क पान्याने (जोर मोजून आवळणाऱ्या).

भोसरीलेथ (रविवार, दुपारी ४.४५)

ताई, रिंगा प्लास्टिकच्या घेऊ नका, घाट उतरता दर आठवड्याला. ॲल्युमिनियमच्या टर्न करून घ्या. आमच्या भोसरीत कुठलाही लेथवाला करून देईल, दोन तासांचं काम. फक्त माप गाडीवरून द्या, नेटवरून नको. हब आणि रिम दोन्ही गंज काढून, पॉलिश पेपर मारून मग मोजा. बाहेरून रिममध्ये हाताने सरकली पाहिजे, हातोडी लागली तर चुकलं. हबला किंचित ग्रीस, नाहीतर पुढच्या वेळी चाक निघायचं नाही. नटांना मात्र ग्रीस नको.

चारनट (रविवार, संध्याकाळी ६.००)

बरोबर बोलले. नटाची बैठकही बघा. रिमला निमुळती बैठक आणि नट गोल तोंडाचा असला तर रिंग असूनही उपयोग नाही, आणि ते धोक्याचंही आहे. आणि ५०-१०० किलोमीटर झाल्यावर नट परत एकदा तपासायचे.

बुरेट (शुक्रवार, रात्री ९.५५)

सोमवारी रिंगशिवाय, फक्त नीट बसवून: ९६ ला थरथर होती, पण बोटांपुरती. मंगळवारी सुट्टी टाकून भोसरीला गेले. चार रिंगा, १,२०० रुपये. लेथवाल्या काकांनी माझं ५४.१ आणि ६७.१ कागदावर वाचलं, कागद बाजूला ठेवला आणि स्वतः जाऊन मोजलं. तेच आलं. तेव्हा कुठे मशीन सुरू केलं. नटांच्या बैठका निमुळत्याच निघाल्या. मग बॅलन्सिंग एकदा शेवटचं, आणि चाकं गाडीवर चढवताना मी गन वापरू दिली नाही. पोरगा वैतागला.

आज वर येताना उर्स्यापर्यंत सलग ९६. स्टेअरिंग शांत. सीटखाली अगदी बारीक काहीतरी आहे, बहुधा ते मागचं डावं, २ वाजताचं. ते राहू दे सध्या. टायर घेतले नाहीत.

बुरेट (तीन आठवड्यांनी, बुधवार, रात्री ८.१०)

हा धागा वर आणतेय, कारण हे सांगायलाच हवं. काल पनवेलजवळ पंक्चर झालं. पोराने चाक काढलं, रिंग हबवर होती ती नखाने उचकटून काढली, उजेडात धरून पाहिली आणि म्हणाला, "ताई, हे पॅकिंग कुणी घातलं? टाकून देऊ?"