लेकराचं पहिलं वर्ष : तुम्ही काय काय खेळवलं?

पोरगी चार महिन्यांची आहे. नागपूरच्या मावशीने बॅटरीवर गाणारं झुंबर पाठवलं. पाळण्यावर टांगलं तर पोरगी आधी दचकली आणि मग आजीच्या बांगड्यांकडे वळली. म्हणून विचारतेय, वर्षाच्या आतल्या लेकरांना तुम्ही काय खेळवलं, काय जमलं, काय फसलं? दुकानातल्या खेळण्यांची यादी नको.

एक आई, दर्यापूर तालुका
आमचं पोट्टं भाद्रपदातलं, त्यामुळे ऐन कापूस वेचणीत ते दोन-अडीच महिन्यांचं. आशाताई, म्हणजे गावची आशा सेविका, म्हणाली, जागं असलं की पालथं टाकत जा, मानेत बळ येते. सासू अडून बसली, "पोट दबते लेकराचं, कायले तरास देतं?" मग आशाताईनं सासूलाच गोधडीवर त्याच्यासमोर पालथं झोपायला लावलं! दोघांची नाकं वीत-दीड वीत अंतरावर. तान्ह्याला तेवढंच नीट दिसतं म्हणे. आजीचं तोंड बघायला तो मान उचलायचा, थकला की कुरकुरायचा, मग आम्ही उचलायचो. सुरुवात दोन-दोन मिनिटांनी केली, पुढे दिवसभरात मिळून अर्धा तास व्हायला लागला. झोपवताना मात्र पाठीवरच. आता सासू शेजारणींना शिकवते, जशी काही तिचीच युक्ती.

बाबा, हिंगणघाटजवळचं गाव
आमचा अनुभव थोडा वेगळा. थोरली चार महिन्यांची झाली तरी मागून ताटली वाजवली की वळायची नाही. समोर गेलं की खळखळून हसायची, त्यामुळे घरचे म्हणत, "हुशार हाय, मुद्दाम लक्ष देत नाई." एका दवाखान्यातून "मोठी झाली की बोलेल" असं ऐकून परत आलो. माझ्या बायकोला काही ते पटेना. ती रोज तोच खेळ करायची : पाठीमागून कधी तांब्या, कधी खुळखुळा, कधी नुसती हाक. दार आपटलं तरी पोरगी ढिम्म. शेवटी आशाताईसोबत जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात गेलो, तिथे लेकरांच्या वाढीतल्या अडचणी तपासतात. कानाची बेरा तपासणी झाली, म्हणजे आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघितलं; आठव्या महिन्यात ऐकायचं यंत्र लागलं. ज्या दिवशी तांब्याच्या आवाजावर ती पहिल्यांदा वळली, त्या दिवशी बायको स्वयंपाकघरात जाऊन रडली. खेळता खेळता काही खटकलं तर "होईल हळूहळू" म्हणून बसून राहू नका, एवढंच सांगायचं होतं.

अंगणवाडी सेविका, मूल तालुका (चंद्रपूर जिल्हा)
माता-बाल संरक्षण कार्डावर कोणत्या वयात लेकरू काय करतं त्याची चित्रं आहेत. लसीच्या नोंदीसाठीच लोक ते काढतात, चित्रं कोणी बघत नाही.
आठ-नऊ महिन्यांच्या लेकरासमोर वाटीखाली चमचा लपवा. ते वाटी उचलून शोधतं, कारण दिसत नसलं तरी वस्तू असते हे त्याला आता कळतं. पदराआडून "भोऽक" करण्याची मजा त्यातलीच. चमचा दहादा खाली टाकला तर चिडू नका, पडल्यावर काय होतं ते बघणं चालू असतं त्याचं. ताटातलं भाताचं शीत चिमटीत धरू द्या. पण चणे, शेंगदाणे, घड्याळाचे सेल आणि तुरीचे दाणे दूर ठेवा. आमच्याकडे सुगीत अंगणभर दाणे सांडलेले असतात, नजर हटली की तोंडात!

आणखी एक आई, अचलपूर
लेकाला मोबाइल दाखवून भरवायचे. लाजत सांगतेय. मोबाइल बंद केला तेव्हा त्यानं चार दिवस घर डोक्यावर घेतलं होतं. आता मांडीवर घेऊन कावळा-चिमणीच्या गोष्टी सांगते. अर्धं जेवण खाली सांडतं, पण माझ्या तोंडाकडे बघून "बा-बा-बा" करायला लागलाय.

आजोबा, यवतमाळ जिल्हा
घरचे नातवासाठी वॉकर आणायचा म्हणत होते. मी नाही म्हटलं, आमच्या उंबरठ्यावरून तो पालथा पडला तर? बाजेला धरून उभं राहू द्या, तेवढं पुरे. तान्ह्या पोळ्याला (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा, लेकरांच्या लाकडी बैलांचा सण) सागाचा नंदीबैल करून दिला, रंग न लावता, कारण सगळं तोंडातच जाणार होतं. दोरी ओढली की बैल येतो हे त्याला दोन दिवसांत कळलं. मग मी बैल दूर ठेवायचो, तो जवळ ओढायचा, मी पुन्हा दूर ठेवायचो. माझे गुडघे दुखायला लागले, त्याचं मन भरेना. बैलाचं एक शिंग आता पार चघळून बोथट झालंय.