सातवी-आठवीच्या मुलांसाठी गणिती कोडी : 'सूत्र कोणतं लावायचं?' याचं काय करावं?

शनिवारची_वही

सोसायटीतली सातवी-आठवीची बारा मुलं, दर शनिवारी एक तास, फळा आणि सतरंजी. मार्क वाढवायचे नाहीत. अडल्यावर स्वतःची वाट स्वतः शोधता यावी, एवढीच अपेक्षा. पण कोडं फळ्यावर लिहून दोन मिनिटं होत नाहीत तोच 'सूत्र कोणतं?' सुरू होतं, नाहीतर 'येत नाही'. दोघं-तिघं उत्तर ओरडून टाकतात आणि बाकीचे पेन खाली ठेवतात. कोडी कशी निवडावीत, मदत किती आणि कधी करावी, आणि ओरडणाऱ्यांना कसं आवरावं? कृपया 'मुलांना विचार करू द्या' यापेक्षा जरा नेमकं सांगा.

खडूची_भुकटी

मुलं लगेच सोडून देतात कारण बऱ्याच कोड्यांत सुरुवातीला हाताला कामच नसतं. एकदम युक्ती सुचावी लागते. म्हणून पहिले तीन-चार शनिवार अशीच कोडी घ्या, ज्यांची पहिली पायरी साधी आकडेमोड आहे आणि प्रश्न त्या आकडेमोडीतून वर येतो.

सगळ्यात भरवशाचं म्हणजे देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांचं 6174. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, मग चढत्या क्रमाने, आणि मोठीतून छोटी वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच. 3524 घेतली तर 5432 − 2345 = 3087, मग 8730 − 0378 = 8352, मग 8532 − 2358 = 6174. पुढे 6174 च येत राहते. जास्तीत जास्त सात पायऱ्या लागतात. हे आधी सांगू नका. प्रत्येकाला वेगळी संख्या द्या आणि दहा मिनिटं गप्प बसा.

इथे हमखास होणारी चूक शून्याची. 2111 घेणाऱ्या मुलाला 2111 − 1112 = 999 मिळतं. तो पुढे 999 − 999 = 0 करतो आणि 'माझं वेगळंच आलं' म्हणतो. चूक लगेच दाखवू नका. बाकी अकरा जणांचं 6174 आणि याचं 0, हे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा आणि कारण शोधायला त्यांनाच लावा. चार अंकी खेळ आहे, म्हणून 0999 लिहायचं: 9990 − 0999 = 8991, मग 8082, 8532, 6174. शून्याची जागा राखण्याचं महत्त्व यानंतर वेगळं शिकवावं लागत नाही.

खरा मजकूर पुढे आहे. 'तीन अंकी घेतली तर?' असं विचारा. सगळे 495 वर पोचतात. मग विचारा, सगळ्याच तीन अंकी संख्या तिथे येतात हे कशावरून? नऊशे संख्या तपासणार का? इथे आठवीच्या मुलाला बीजगणित पहिल्यांदा कामाला येतं. सर्वांत मोठा अंक अ, मधला ब, सर्वांत लहान क. (100अ + 10ब + क) − (100क + 10ब + अ) = 99(अ − क). मधला अंक उडालाच! अ − क ची किंमत 1 ते 9, म्हणजे पहिल्या वजाबाकीनंतर फक्त नऊच संख्या शक्य: 099, 198, 297 ... 891. नऊ तपासणं दहा मिनिटांचं काम. 099 वरून 891, तिथून 792, 693, 594, 495 अशी सरळ उतरंड लागते. 198, 297 आणि 396 वरून अनुक्रमे 792, 693, 594 येतात, म्हणजे त्याही त्याच उतरंडीवर.

एवढ्यावर 'नेहमी कुठेतरी थांबतंच' असं मुलं ठरवून टाकतात. मग दोन अंकी द्या. 09 → 81 → 63 → 27 → 45 → 09. गोल फिरत राहतं, थांबत नाही.

लंबदुभाजक

वरच्याशी सहमत. ओरडण्याबद्दल लिहितो.

पहिली चार मिनिटं प्रत्येकाने एकट्याने, अजिबात न बोलता. मग तिघांचे चार गट. प्रत्येक गटाला एक मोठा कागद आणि एकच पेन. ज्याच्या हातात पेन, त्याने स्वतःची कल्पना लिहायची नाही, दुसऱ्याने सांगितलेलंच लिहायचं. दर पाच मिनिटांनी पेन पुढे. ओरडणाऱ्या मुलाला आता दुसऱ्याला कळेल असं सांगावंच लागतं, आणि तिथे त्याचा निम्मा 'मला आलं' गळून पडतो. खोडरबर बंद. चुकलं तर एक रेघ मारायची, कारण चुकलेली वाटही नंतर वाचायची असते.

मदतीच्या तीन चिठ्ठ्या घरूनच लिहून न्या. आयत्या वेळी सुचलेली मदत जवळजवळ नेहमी उत्तर फोडते. उदाहरणार्थ, 'बुद्धिबळाच्या पटावर एकूण चौरस किती?' पहिली चिठ्ठी: 64 सोडून आणखी कोणते चौरस दिसतात? दुसरी: पट 3 × 3 चा असता तर? तिसरी: 2 × 2 चा चौरस पटावर किती ठिकाणी बसतो? सहा-सात मिनिटं कागदावर काहीच नवीन आलं नाही तरच पुढची चिठ्ठी.

तिसऱ्या चिठ्ठीवर बहुतेक गट 16 म्हणतात. चूक कुठे होते हे नीट बघा: मुलं पटाचे तुकडे पाडतात, एकावर एक चढणारे चौरस त्यांच्या डोक्यात येत नाहीत. बोलून समजावू नका. पुठ्ठ्यात 2 × 2 घरांची खिडकी कापा आणि पटावर एकेक घर सरकवायला सांगा. आडव्या 7 जागा, उभ्या 7, एकूण 49. पुढचं मुलंच करतात: 64 + 49 + 36 + 25 + 16 + 9 + 4 + 1 = 204.

पण 'लहान करून बघ, नमुना शोध' ही युक्ती अंगवळणी पडली की तिचा माज चढतो. तो उतरवायला वर्तुळ. परिघावर बिंदू घ्या, प्रत्येक बिंदू प्रत्येकाला सरळ रेषेने जोडा, आतले भाग मोजा. 1 बिंदूला 1 भाग, मग 2, 4, 8, 16. सहाव्याला सगळे न मोजता 32 लिहितात. मोजा म्हणावं: 31. एक दक्षता घ्या. सहा बिंदू सारख्या अंतरावर घेतले तर मधल्या तीन रेषा एकाच ठिकाणी छेदतात आणि एक भाग गायब होऊन 30 येतात. म्हणून बिंदू मुद्दाम वेडेवाकडे. वर्तुळही ताटलीएवढं हवं, बांगडीएवढ्या वर्तुळात मधले चिमुकले भाग मोजताना भांडणं होतात.

उरलेला_भाजक

एक भर. वरची सगळी कोडी सुटणारी आहेत. 'हे जमणारच नाही' असं उत्तर असलेली कोडीही हवीत, नाहीतर मुलं गृहीत धरतात की उत्तर कुठेतरी लपवलेलं आहे आणि आपण फक्त ते हुडकायचं.

4 × 4 चा कोरा चौकटीचा कागद घ्या, घर 3 सेंमीचं. पुठ्ठ्याच्या 6 × 3 सेंमीच्या सात पट्ट्या कापा, प्रत्येक पट्टी दोन घरं झाकते. समोरासमोरचे दोन कोपरे (कर्णाची दोन टोकं) काढून टाका. उरली 14 घरं, पट्ट्या सात. झाकून दाखवा. दुसऱ्या गटाला एकाच बाजूचे दोन कोपरे काढून द्या. त्यांचं चुटकीसरशी होतं, पहिल्या गटाचं होतच नाही. पंधरा मिनिटांनी घरं बुद्धिबळासारखी आळीपाळीने रंगवायला सांगा. कर्णावरचे कोपरे एकाच रंगाचे, म्हणजे उरतात 8 आणि 6. पट्टी मात्र दर वेळी दोन्ही रंगांचं एकेक घर खाते. सुरुवातीलाच बुद्धिबळाचा पट देऊ नका, रंग हीच तर चावी आहे.

सात पट्ट्या इकडून तिकडे फिरवून कंटाळणं आणि 'होऊच शकत नाही, कारण...' म्हणणं यात फरक आहे. 'कारण' आल्याशिवाय कोडं संपलं म्हणू नका.

शनिवारची_वही

खिडकीची कल्पना उद्याच वापरतो. दोन शंका: एखाद्याला उत्तर आधीच माहीत असेल तर? आणि 'याचा शिष्यवृत्तीला काय उपयोग?' असं पालक विचारतात.

खडूची_भुकटी

दुसऱ्याचं आधी. शिष्यवृत्तीला चार पर्यायांतलं एक झटपट निवडायचं असतं, तिथे वेग लागतो आणि वेग सरावसंचातून येतो. या तासाने तो वाढेल असं पालकांना सांगू नये. भाषेतली उदाहरणं आणि अनोळखी प्रश्न बघून मूल गडबडत नाही, इतपत म्हणता येईल.

अवांतर: व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी '🍎 + 🍌 = ?' छाप चित्रं या तासात अजिबात नकोत. त्यात सारा खेळ बारीक अक्षरं बघण्याचा असतो.

उत्तर माहीत असलेल्या मुलाला गप्प बसवू नका, आकडे बदलून द्या. 5 आणि 3 लिटरच्या भांड्यांनी 4 लिटर मोजायचं पाठ असेल, तर 7 आणि 4 लिटरच्या भांड्यांनी 5 लिटर मागा. झालं की विचारा, किती पायऱ्यांत? आधी लहान भांडं भरून सुरुवात केली तर भरणं-ओतणं-रिकामं करणं धरून 8 लागतात, मोठं भरून केली तर 12. तेही जमलं तर 6 आणि 4 च्या भांड्यांनी 5 लिटर मागा, आणि चेहरा साधा ठेवा.

उरलेला_भाजक

शेवटचं बादल्या घेऊन गच्चीत करणार असाल तर पुसायला फडकी न्या. प्रत्यक्ष पाण्यात थोडं सांडतं आणि मापं दोन फेऱ्यांतच चुकतात. चवळीचे दाणे आणि दोन डबे बरे, पेला पेला मोजून. किंवा 7 आणि 4 च्या भांड्यांसाठी नुसता दोन रकान्यांचा तक्ता, आधी 7 चं, मग 4 चं: (0,4), (4,0), (4,4), (7,1)... पुढचं मुलं लिहितील.