जुन्या खाणीच्या डंपावरच्या रानात पक्षी कसे मोजायचे?

डिचोलीकर:
नमस्कार मंडळी, आमच्या गावाशेजारी खाणीचा जुना डंप, म्हणजे टाकाऊ मातीचा ढिगारा आहे, त्यावर वीसेक वर्षांपूर्वी अकेशिया लावलेला, आता त्याच्या सावलीत जांभूळ, किंदळ, करवंद आपसूक उगवलीत. आम्ही चौघं दर रविवारी पक्षी मोजतोय, पण एका रविवारी 34 जाती आणि पुढच्या रविवारी 17, मग खरं काय धरायचं? पंचायतीला दाखवायचंय की हे रान जिवंत झालंय, तोडू नका. नीट पद्धत सांगा प्लीज.

कुळागरवाली:
दादा, 34 वाल्या दिवशी जास्त वेळ फिरला असाल, तिथेच घोळ होतो. फिरत मोजू नका. एकमेकींपासून 200 मीटरवर जेवढ्या बसतील तेवढ्या जागा ठरवा, झाडाला रिबीन बांधा. पोचल्यावर दोन मिनिटं नुसतं उभं राहायचं, मग 10 मिनिटं मोजायचं, 50 मीटरच्या आत दिसलेलं-ऐकलेलं तेवढंच, वरून गेलेली घार वेगळी लिहायची. उजाडल्यावर तीन तासांत आटपा. आणि हेच्या हेच शेजारच्या जुन्या रानातही करा, नाहीतर तुलना कशाशी करणार? जानेवारीची मोजणी जूनशी लावू नका, थंडीतले पाहुणे निघून गेलेले असतात.

रानवाट:
आवाजावर नाव लिहिताना जपून. भृंगराज दुसऱ्या पक्ष्यांची हुबेहूब नक्कल करतो, मी एकदा बोंडल्याच्या अभयारण्यात शिक्रा म्हणून लिहिला आणि वर बघतो तर शेपटीची ती दोन लांब पिसं हलतायत. आवाज ओळखणाऱ्या मर्लिन ॲपने नाव दाखवलं तरी दुर्बिणीतून बघा, नाहीच दिसला तर 'फक्त ऐकला' असं लिहा.
आणि पंचायतीपुढे नुसता आकडा नेऊ नका हो, कोण आलेत ते सांगा. अकेशियाखाली करवंद कोणी लावली? बुलबुल, कुटुरगा, तांबट फळ खातात आणि बी दुसरीकडे टाकतात, हे रान बरंचसं त्यांनीच पेरलंय. पण मोठी बी गिळायला धनेशासारखा मोठा पक्षी लागतो. आपला मलबारी राखी धनेश पश्चिम घाटाबाहेर कुठेच नाही, आणि त्याची मादी ढोलीत स्वतःला कोंडून अंडी घालते, तसली ढोल असलेलं म्हातारं झाड डंपावर कुठून येणार? म्हणजे तो खायला तुमच्याकडे येईल पण घरटं जुन्या रानातच. दोन्ही राखायला हवीत, हे नकाशावर दाखवा, मला तर हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

डिचोलीकर:
देव बरे करो दोघांचं! या रविवारी रिबिनी बांधतो. अजून एक, गेल्या खेपेला अकेशियाच्या सुक्या पानांत खुडखुड ऐकू आली, जागचा हललो नाही, तर नवरंग! पानं उलटून किडे खात होता, शेपटीखाली लालभडक, पंखावर निळा तुकडा. फोटो नाही, मोजणीत धरू का?

कुळागरवाली:
धरा की! वेळ, जागा आणि आत्ता सांगितलंत तसंच वर्णन आजच वहीत उतरवून ठेवा.