मदत हवी आहे: आजोबांच्या रायफलीची जुनी काडतुसं

नमस्कार मंडळी. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या जुन्या घराच्या छपराचे नळे (कौलं) परतायला माळा रिकामा केला, तर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ११ काडतुसं सापडली. बुडावर कायनॉक हे कंपनीचं नाव आणि .३७५ मॅग्नम हा काडतुसाचा प्रकार कोरलेला. पितळेवर हिरवा गंज, एकाची मान बारीक तडकलेली. आजोबा पोर्तुगीज अमदानीत गव्याच्या शिकारीला जायचे. आता गवा गोव्याचा राज्यप्राणी आहे आणि १९७२ च्या कायद्यापासून त्याची शिकार बंद आहे.

काका म्हणतात, कंपनीचा माल आहे, अजून उडेल; रानडुकरांसाठी कुणा परवानेवाल्याला देऊन टाक. मला ते मुळीच पटत नाही. गोव्याच्या दमट हवेत इतकी वर्षं पडलेल्या काडतुसाची टोपी (बुडातला ठिणगी देणारा भाग) कधी क्षणभर उशिरा पेटते. बार फुसका गेला समजून तेवढ्यात रायफलीचा बोल्ट (काडतूस आत बंद ठेवणारा मागचा दांडा) उघडला, तर माणूस जायचा.

रायफल केव्हाच गेली, परवान्याचा कागदही सापडत नाही. डबा तसाच माळ्यावर ठेवलाय, मुलांना वर जाऊ देत नाही. पोलिसांना घरी बोलवावं की आधी लेखी अर्ज द्यावा? असा वारसा कुणी जमा केला असेल, तर कृपया अनुभव सांगा. परवान्याशिवाय घरात ठेवणं गुन्हा आहे, म्हणून घाई आहे.