प्रिन्स रुपर्टला बिऱ्हाड थाटायचंय: बडोद्याहून काय न्यावं, तिथे काय सांभाळावं?

दांडियाबाजारकर
धाकट्या बहिणीला आणि तिच्या यजमानांना कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, ब्रिटिश कोलंबियातल्या प्रिन्स रुपर्टला नोकरी लागली आहे. सप्टेंबरअखेर निघतील. घर भाड्याचं, जुनं, लाकडी. दोघंही शाकाहारी. तिथे बारा महिने पाऊस असतो म्हणे. घर कोरडं कसं ठेवायचं? मिक्सर, कुकर न्यावा का? कपडे इथून घ्यावेत का?

ओलावा_आणि_भिंती
ताई, पाऊस खरंच बारा महिने. बडोद्यात वर्षाकाठी साधारण 900 मिमी पडतो, तिथे 2,600च्या आसपास; आणि सगळ्यात जास्त ऑक्टोबरात, म्हणजे तुमची माणसं पोचतील तेव्हाच.

पण आपल्या पावसाळ्याची सवय तिथे उलटी करावी लागते. जुलैत आपण दमट हवा आत नको म्हणून खिडक्या लावून घेतो. तिथला पाऊस थंड. 5 अंशांच्या हवेत, ती बाष्पाने पूर्ण भरलेली असली तरी, घनमीटरला जेमतेम 7 ग्रॅम पाणी असतं. तीच हवा घरात 20 अंशांपर्यंत तापली की आर्द्रता 40 टक्क्यांच्या आत येते. म्हणून भर पावसातही सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं समोरासमोरच्या खिडक्या उघडायच्या. ओल बाहेरून येत नाही, कुकर, आंघोळ आणि वाळत घातलेल्या कपड्यांतून येते. धुण्याची एक खेप घरात वाळवली तर दोनेक लिटर पाणी हवेत जातं.

आर्द्रतामापक पहिल्याच आठवड्यात घ्या आणि काटा 50 टक्क्यांखाली ठेवा. न्हाणीघराचा पंखा आंघोळीनंतरही अर्धा तास चालू ठेवायचा. तो ओढतो का हे बघायला कागदी रुमालाचा पातळ पदर जाळीला लावा. चिकटून राहिला तर ठीक. चुलीवरचा पंखा धूर बाहेर सोडतो की गाळून परत घरातच, हे घरमालकाला आधी विचारा. दुसऱ्या प्रकारचा असेल तर वरणभाताची वाफ घरातच राहणार.

बुरशी कपाटामागे आणि जमिनीवरच्या गादीखाली धरते, कारण तिथे हवा हलत नाही आणि बाहेरची भिंत गार असते. कपाट भिंतीपासून चार बोटं लांब, गादी फळ्यांच्या पलंगावर. वापरात नसलेल्या खोलीचा हीटर बंद करून दार लावून घेऊ नका. गार पडलेल्या त्या भिंतींवरच पाणी सुटतं. डिह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढून घेणारं यंत्र) घ्याल तर एक बघा: साधा कॉम्प्रेसरवाला 15 अंशांखाली नीट चालत नाही, त्याच्या नळ्यांवर बर्फ धरतो. गार तळघरासाठी डेसिकंट, म्हणजे ओल शोषणाऱ्या पदार्थावर चालणारा.

रावपुरा_किचन
मिक्सर नेऊ नका. तिथे वीज 120 व्होल्ट, 60 हर्ट्झ. नुसता पिन बदलणारा अ‍ॅडॉप्टर लावला तर आपली 230 व्होल्टची मोटर रडतरखडत फिरते आणि वाटणाच्या भाराखाली तापते. 110 व्होल्टचा भारतीय मिक्सर कॅनडात मिळतो. कुकर मात्र न्या, सपाट बुडाचा, दोन जादा गॅस्केट आणि सेफ्टी व्हॉल्व्हसकट. तिथे चूल बहुतेक विजेची: बटण बंद केल्यावरही कॉइल बराच वेळ तापलेली राहते, म्हणून शिट्टी झाली की कुकर बाजूला उतरवायचा.

इडलीचं पीठ ओट्यावर फुगणार नाही. ओव्हनमध्ये फक्त दिवा लावून बारा ते सोळा तास ठेवा, दहीही तसंच लागतं. ओव्हनच्या बटणावर चिठ्ठी चिकटवा, नाहीतर दुसरं कोणी तो तापवायला लावेल.

डाळी, कणीक, तांदूळ दोन-तीन आठवड्यांचे घरात असू द्या. गावाला बाहेरून एकच रस्ता, हायवे 16, स्कीना नदीच्या काठाने. दरड किंवा हिमलोट आला की बंद. टेरेस गाव 145 किमीवर, प्रिन्स जॉर्ज शहर 700च्या वर. भाकरवडी, खाखरे, मेतकूट नेलंत तर हवाबंद डब्यांत, आणि विमानतळावर खाद्यपदार्थ आहेत हे जाहीर करायचंच.

कपडे इथून घेऊ नका. पिसांचा जाड कोट भिजला की गोळा होतो. वर पक्कं जलरोधक जाकीट आणि विजार, आत लोकर किंवा सिंथेटिक, पायात रबरी बूट. जीन्स दिवसभर ओली राहते. छत्री वाऱ्यात टिकत नाही.

दांडियाबाजारकर
फार उपयोगाचं लिहिलंत दोघांनी. प्रवास, दवाखाना आणि गाडीचं काय?

अलकापुरी_७
विमानतळ डिग्बी बेटावर आहे, गावात बस आणि फेरीने यावं लागतं. ढग खाली आले की विमान रद्द होतं, म्हणून व्हँकुव्हरला एका रात्रीची सवड ठेवा. परतीच्या वेळी तर नक्कीच. अहमदाबादचं तिकीट त्याच दिवशीचं काढू नका. औषधं हातातल्या बॅगेत.

प्रांताचा आरोग्य विमा पोचल्याचा उरलेला महिना आणि पुढचे दोन महिने लागू होत नाही. त्या काळासाठी खासगी विमा निघण्याआधीच घ्या आणि अर्ज पोचताच भरा.

भारतीय लायसन्सवर 90 दिवस गाडी चालवता येते. त्यानंतर लेखी आणि रस्त्यावरची, दोन्ही परीक्षा द्याव्याच लागतात. बडोद्याच्या आरटीओकडून लायसन्स कधीपासूनचं आहे याचा इंग्रजी दाखला आत्ताच काढा. हायवे 16 वर 1 ऑक्टोबरपासून हिवाळी टायर सक्तीचे, त्यांच्या खाचा किमान 3.5 मिमी खोल. जुनी गाडी घेताना आधी टायर बघा.

आणि डिसेंबरात दिवस सव्वासात तासांचा, तोही ढगांत. ऑक्टोबर ते मार्च त्या उन्हाने अंगात ड जीवनसत्त्व तयारच होत नाही. शाकाहारी असल्याने इथे निघण्याआधी ड आणि बी12 दोन्ही तपासून घ्या. मोठ्यांना रोज 600 युनिट ड लागतं. त्याहून जास्त डॉक्टरांना विचारूनच.